दोन सबवूफर, एक अ‍ॅम्प्लिफायर : माझा अनुभव

माझ्याकडे बारा इंची एक पॅसिव्ह सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर (पुढे नुसता ‘सब’), होता. पॅसिव्ह म्हणजे ज्याच्या खोक्यात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नाही, तो बाहेरून जोडावा लागतो. माझा अ‍ॅम्प दोन चॅनलचा. एका चॅनलवर सब चालायचा, दुसरं चॅनल रिकामंच. आवाज भरपूर होता, तक्रार वेगळीच होती. सोफ्याच्या टोकाला बसलेल्याला खर्ज घुमून नकोसा व्हायचा आणि मधोमध बसलेल्याला बास गिटारचे काही स्वर ऐकूच यायचे नाहीत. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि घरातल्या खोल्यांचा त्रास नेमका याच पट्ट्यात असतो. म्हणून त्याच मॉडेलचा दुसरा सब आणला. मला जास्त दणका नको होता, सगळ्या जागांवर एकसारखा खर्ज हवा होता. हे मनाशी स्पष्ट असल्यामुळे पुढचे बरेच निर्णय आपोआप ठरत गेले.

जोडणीच्या वेळी सगळे आधी वॅट विचारतात. मी आधी ओहम, म्हणजे सब विजेला किती अडवतो ते, पाहिलं. दोन्ही सब ४ ओहमचे. मल्टिमीटर लावला तर ३.३ च्या आसपास आकडा आला, आणि तो बरोबरच आहे. मीटर फक्त स्पीकरमधल्या वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइलच्या तारेचा रोध मोजतो. खोक्यावर लिहिलेला आकडा इम्पीडन्सचा, म्हणजे आवाज वाजताना होणाऱ्या एकूण अडथळ्याचा, आणि तो वारंवारतेनुसार बदलतो. अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवर लिहिलं होतं : स्टिरिओमध्ये किमान ४ ओहम, ब्रिजमध्ये किमान ८ ओहम. या दोन ओळींनी अर्धा प्रश्न सोडवला. ब्रिज म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र करून एकच भार चालवणं.

दोन्ही सब पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करून एका चॅनलवर टाकले तर भार २ ओहम होतो. भार निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तापून अ‍ॅम्प प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. प्रोटेक्शन सर्किट चांगलं नसेल तर जळतो. ब्रिज करून पॅरलल केलं तर आणखी वाईट, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला भाराचा निम्माच भाग दिसतो. म्हणजे २ चा १ ओहम. घरगुती अ‍ॅम्पला हे झेपत नाही.

मग राहतात दोन मार्ग. एक, प्रत्येक चॅनलवर एकेक सब. दोन, दोन्ही सब सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडून ८ ओहम करायचे आणि अ‍ॅम्प ब्रिज करायचा. ब्रिज हा शब्द ऐकला की खूप ताकद मिळणार असं वाटतं, म्हणून हे गणित मी कागदावर नीट करून पाहिलं. माझा अ‍ॅम्प ४ ओहमला प्रत्येक चॅनलमागे ३०० वॅट देतो. पहिल्या मार्गात प्रत्येक सबला ३००, एकूण ६००. ब्रिजमध्ये ८ ओहमला ६०० वॅट, ते दोन सबमध्ये वाटले की पुन्हा प्रत्येकी ३००. दोन्हीकडे प्रत्येक चॅनल ४ ओहमच पाहत असतं, ताकद तिथूनच येते आणि तेवढीच येते. शिवाय सिरीजमध्ये एका सबची कॉइल तुटली की दुसराही गप्प होतो. ब्रिजमध्ये स्पीकरचं कुठलंच टोक ग्राउंडला नसतं, त्यामुळे तिथली चुकीची वायर जास्त महागात पडते. मी डोळे मिटून पहिला मार्ग घेतला. माझ्यासारखे दोन सारखे सब आणि दोन चॅनलचा अ‍ॅम्प असलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. ब्रिज कामाचा असतो तो एकच ८ ओहमचा सब असेल तेव्हा.

सिग्नलचा भाग लहान आहे. रिसीव्हरच्या (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणाऱ्या यंत्राच्या) सब-आउटमधून एकाची दोन टोकं करणाऱ्या वाय केबलने अ‍ॅम्पच्या दोन्ही इनपुटला तोच सिग्नल दिला. एका आउटपुटमधून दोन इनपुटला वाटणं चालतं, दोन आउटपुट एकत्र बांधणं चालत नाही. अ‍ॅम्पचा स्वतःचा लो-पास फिल्टर (वरचे स्वर कापून फक्त खर्ज पुढे सोडणारा) बंद केला, कारण रिसीव्हर ८० हर्ट्झला कापतोच आहे आणि दोन फिल्टर एकावर एक बसले की कापण्याच्या जागी खड्डा पडतो. चालू करताच बारीक गुणगुण आली. रिसीव्हर आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या भिंतींवरच्या प्लगमध्ये होते. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणले आणि गुणगुण गेली. यासाठी काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसं कृपया कधीच करू नका, जीवाशी खेळ आहे तो.

पोलॅरिटीला, म्हणजे प्लस-मायनसच्या जोडणीला, मात्र मी वेळ दिला. एका सबची वायर उलटी लागली तर एक कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येताना दुसरा आत जातो आणि खर्ज खर्जाला खातो. दोन सब लावून आवाज कमी झाला असं कुणी सांगितलं तर मला पहिली शंका हीच येते. अ‍ॅम्पकडची टोकं सोडवून दीड व्होल्टचा सेल वायरला क्षणभर टेकवला. सेलचा प्लस लाल वायरला लागल्यावर दोन्ही कोन बाहेर सरकले. वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली. १२ मीटर लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध ०.१७ ओहमच्या आत राहतो. १ चौरस मिलिमीटरच्या वायरला तोच ०.४ च्या पुढे जातो, म्हणजे ४ ओहमच्या सबचा दहावा हिस्सा वायरीतच.

खरं काम सुरू झालं ते जागा ठरवताना. आणि इथेच एका अ‍ॅम्पची मर्यादा समजते. दोन्ही सबना तोच सिग्नल, त्याच क्षणी मिळतो. दोघांचा आवाज ऐकणाऱ्यापर्यंत एकदम पोहोचावा म्हणून जवळच्या सबला थोडा उशीर द्यायची सोय माझ्या सेटअपमध्ये नाही. म्हणजे उशिराचं काम जागेनेच करायला हवं.

माझी खोली ५.२ मीटर लांब, ३.८ मीटर रुंद. ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ३३ हर्ट्झ येतात, रुंदीच्या दुपटीने भागलं की ४५. या दोन वारंवारतांना खोली स्वतःच घुमते, भिंतीजवळ जोरात आणि मध्यावर जवळपास शून्य. माझा जुना सब कोपऱ्यात होता. कोपरा दोन्हींना पुरेपूर चेतवतो. मधल्या जागेवर ४५ च्या आसपासचे स्वर का हरवत होते आणि टोकाला का फुगत होते, ते या एका आकड्याने उलगडलं.

हर्मन या ऑडिओ कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये सबची संख्या आणि जागा यांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर एकेक सब ठेवणं हा त्यातला चांगला ठरलेला पर्याय. मी आधी पुढची आणि मागची भिंत करून पाहिली. माइकने मोजलेला आलेख सुधारला, पण मागचा सब सोफ्याच्या अगदी पाठीशी आला आणि खर्ज मागून येतोय हे कळत राहिलं. मग डावी आणि उजवी भिंत घेतली. एका बाजूचं कपाट हलवावं लागलं, पण ते सार्थकी लागलं. दोन्ही सब रुंदीची ४५ हर्ट्झची लाट विरुद्ध बाजूंनी ढकलतात, त्यामुळे ती उठतच नाही. दोन्ही लांबीच्या मध्यावर आहेत, तिथे ३३ ची लाट आधीच शून्य असते, म्हणून तीही फारशी चेतत नाही. मधल्या जागेपासून दोघांचं अंतर सारखं, म्हणून उशिराचा प्रश्नच मिटला. एका अ‍ॅम्पवर दोन सब चालवायचे तर ही मांडणी मला सगळ्यांत समजूतदार वाटते.

मोजमाप रूम ईक्यू विझर्ड या मोफत सॉफ्टवेअरने आणि यूएसबी माइकने केलं, सोफ्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर. आधी एकमेकांपासून दूर पळणाऱ्या रेषा आता बऱ्याच जवळ आल्या. उरला तो ६६ हर्ट्झचा उंचवटा, लांबीची दुसरी लाट. तिला लांबीच्या मध्यावरचे सब उलट जोर देतात. पण तो तिन्ही जागांवर सारखाच होता, म्हणून ईक्यूचा (ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीचा) एक अरुंद फिल्टर सगळ्यांसाठी पुरला. जागेगणिक बदलणाऱ्या खड्ड्यावर ईक्यू असं चालत नाही. खड्ड्यात ताकद ओतली की अ‍ॅम्प क्लिप होतो, म्हणजे त्याची मर्यादा संपून आवाज फाटतो, आणि खड्डा तसाच राहतो.

आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी गेनची दोन्ही बटणं सारख्या खुणेवर ठेवली आणि रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर पातळी जुळवली. बटण अर्ध्यावर म्हणजे ताकद अर्धी, असं नसतं. मोठा इनपुट आला तर अर्ध्यावरूनही अ‍ॅम्प पूर्ण ताकद देऊ शकतो, म्हणून लक्ष क्लिपच्या दिव्यावर हवं. अ‍ॅम्प कपाटाबाहेर, मोकळ्या हवेत ठेवला आहे.

माझी मांडणी ऐकून एका मित्राने विचारलं, त्याच्याकडे एक सब ४ ओहमचा आणि एक ८ चा आहे, जमेल का? वेगवेगळ्या चॅनलवर जमेल. सारख्या व्होल्टेजला ८ ओहमच्या सबला साधारण निम्मी ताकद जाईल, पण तो जास्त संवेदनशील असेल तर तितकाच वाजेलही, म्हणून दोन्ही गेन माइक लावूनच जुळवायचे. सिरीजमध्ये मात्र असे विजोड सब लावू नयेत. दोघांचं इम्पीडन्स वेगवेगळ्या वारंवारतांना वर-खाली होतं आणि ताकदीची वाटणी प्रत्येक स्वरागणिक बदलत जाते. शिवाय त्यातला एक सब पोर्टवाला (खोक्याला हवेसाठी भोक असलेला) आणि एक बंद खोक्याचा आहे. पोर्टच्या ट्यूनिंगजवळ दोघांची फेज, म्हणजे आवाजाच्या लाटांची वेळ, जुळत नाही, तेव्हा मोजल्याशिवाय दुसरा सब विकत घेऊ नकोस असं मी त्याला सांगितलं, आणि माइक त्याला देऊन टाकला आहे महिनाभरासाठी.