नावाआधी क्रम : खडकांच्या पातळ छेदांच्या कामाची पुढची नोंद

या टप्प्यापासून वहीतील रकान्यांची मांडणी बदलली आहे. पूर्वी नमुन्याच्या क्रमांकाशेजारी खडकाचे नाव येत असे. आता तेथे ‘आधी काय घडले, नंतर काय घडले’ हा रकाना आहे आणि नाव शेवटच्या रकान्यात गेले आहे. ‘ग्रॅनाइट’ असे लिहिले की वर्गीकरण होते, पण त्यातले कोणते खनिज आधी स्फटिकले, खडकाला तडा केव्हा गेला आणि तो तडा पुढे कशाने भरला, हे प्रश्न तसेच उरतात, आणि खडकाचा इतिहास म्हणजे मुख्यतः हेच प्रश्न. भूवैज्ञानिक उघड्या कड्यावर जे नियम लावतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी प्रकाश आरपार जाईल इतक्या घासलेल्या, ०.०३ मिलिमीटर जाडीच्या छेदात कितपत लागू पडतात आणि कोठे अडतात, हे पाहण्यासाठी तीन नमुने निवडले होते : एक ग्रॅनाइट, एक वालुकाश्म आणि एक गार्नेटयुक्त शिस्ट, म्हणजे दाब आणि उष्णतेने बदलून पानांसारखे पापुद्रे पडलेला, गार्नेट हे खनिज असलेला खडक.

नियम जुनेच आहेत. खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, तसेच गाळाचे थर मुळात आडवे साचतात, हे निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये मांडले. जे दुसऱ्याला छेदून जाते ते नंतरचे, आणि ज्याचे तुकडे दुसऱ्याच्या पोटात सापडतात ते आधीचे, ही त्याला पुढे पडलेली जोड. जेम्स हटन १७८८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील सिकार पॉइंट येथे पोहोचला तेव्हा त्याच्या हाती वर्षांचा एकही आकडा नव्हता. खाली जवळजवळ उभे झालेले करड्या खडकाचे थर, त्यांच्या झिजलेल्या कडांवर मंद उताराने टेकलेला तांबडा वालुकाश्म, आणि त्या वालुकाश्माच्या तळाशी खालच्याच खडकाचे तुकडे, एवढेच त्याच्यासमोर होते. तेवढ्यावरून खालचा गाळ साचला, कठीण झाला, घडी पडून उभा राहिला, वर उचलला गेला, झिजला, आणि मग त्यावर तांबडी वाळू येऊन पडली, असा पूर्ण क्रम लागतो. त्या दोन खडकांमधील खंड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे हे पुष्कळ नंतर कळले, तरी हटनने लावलेला क्रम त्यामुळे बदलला नाही.

छेद तयार करण्याच्या पद्धतीत फारसा फरक नाही, त्यामुळे ते थोडक्यात सांगतो. खडकाच्या चकतीची एक बाजू सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीवर सपाट करून ती इपॉक्सीने काचपट्टीवर चिकटवायची आणि दुसऱ्या बाजूने घासत जायचे. जाडीची खात्री गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ करून देते : काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाशाची कंपने एकाच दिशेत ठेवणाऱ्या चकत्यांमध्ये) क्वार्ट्झचे दाणे फिकट राखाडी ते पांढरे दिसले की छेद योग्य जाडीचा झाला, आणि त्यांच्यात पिवळी झाक असेल तर अजून घासायला हवे. वालुकाश्माच्या बाबतीत मात्र चकती कापण्याआधीच नमुन्यात निळा रंग मिसळलेली इपॉक्सी मुरवून घेतली. त्याने दाणे निखळत नाहीत, आणि छेदात जेथे निळे दिसेल तेथे खडकात खरोखरच पोकळी होती हे निश्चित होते. घासताना पडलेले भोक आणि मूळचे छिद्र यांत गोंधळ उरत नाही.

ग्रॅनाइटचा छेद अपेक्षेप्रमाणे निघाला. बायोटाइटच्या म्हणजे काळ्या अभ्रकाच्या लहान पट्ट्या फेल्डस्पारच्या पोटात अडकलेल्या आहेत, प्लॅजिओक्लेजच्या (कॅल्शियम व सोडियम असलेल्या फेल्डस्पारच्या) स्फटिकांना स्वतःचे सरळ पृष्ठ आहेत, आणि क्वार्ट्झला स्वतःचा आकार नाही. इतरांनी सोडलेली जागा त्याने भरली आहे. म्हणजे क्वार्ट्झ उशिरा आले. प्लॅजिओक्लेज अधिक बोलके आहे. सूक्ष्मदर्शकाचा मंच हळूहळू फिरवला की स्फटिकाचा गाभा आधी काळा होतो आणि तो काळेपणा कडांकडे वलयावलयाने सरकतो, कारण गाभ्यात कॅल्शियम जास्त आणि कडेला सोडियम जास्त आहे. शिलारस थंड होताना प्लॅजिओक्लेजची घटना कॅल्शियमकडून सोडियमकडे सरकत जाते, हे नॉर्मन बोवेन याने विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात प्रयोगांनी दाखवले होते. थंड होण्याचा वेग पुरेसा मंद असता तर आधीचा गाभा नव्या द्रवाशी जुळवून घेऊन सगळा स्फटिक एकजिनसी झाला असता. वलये शिल्लक आहेत याचा अर्थ तेवढा अवसर मिळाला नाही.

याच छेदात ‘आत आहे म्हणून आधीचे’ हा नियम अडतो. प्लॅजिओक्लेजच्या गाभ्यात बारीक अभ्रकासारखे चमकदार कण दिसतात. ते फेल्डस्पारच्या आत आहेत, पण त्याच्या आधीचे नाहीत. खडक घन झाल्यानंतर गरम पाण्याने कॅल्शियमयुक्त गाभा प्रथम कुजवला आणि तेथे ते तयार झाले. पोटॅश फेल्डस्पारमधील पांढरट धाग्यांसारख्या रेषाही तशाच : एकजीव असलेला स्फटिक थंड होताना त्यातून सोडियमचा भाग वेगळा निघाला. त्यामुळे एखादे खनिज दुसऱ्याच्या पोटात दिसले की ते तेथे अडकले, तेथे वाढले की तेथून वेगळे निघाले, हे त्याचा आकार आणि कडा पाहून ठरवल्याशिवाय क्रमाच्या रकान्यात काही लिहायचे नाही, असे मी ठरवले आहे.

सर्वाधिक वेळ वालुकाश्मात गेला आणि तो सार्थकी लागला. हातात घेतल्यावर हा नमुना अगदी सामान्य दिसतो. छेदातील बहुतेक दाणेही गोलसर क्वार्ट्झचेच आहेत. पण त्यातील एका दाण्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. त्याच्या मध्यभागी एक गोल गाभा आहे आणि त्याभोवती धुळीच्या ठिपक्यांची बारीक रेषा. रेषेच्या बाहेर पुन्हा क्वार्ट्झच आहे, आणि मंच फिरवला की गाभा आणि बाहेरचा भाग एकाच क्षणी काळे होतात, म्हणजे बाहेरची वाढ मूळ स्फटिकाचीच जाळी पुढे चालवत झाली आहे. इथवर नेहमीचे आहे. जमिनीत पुरलेल्या वाळूत सिलिकायुक्त पाणी फिरले की असे होते. विशेष हे की या बाहेरच्या वाढीची कड सरळ नाही. ती झिजून गोल झालेली आहे, तिच्यावरही धुळीची दुसरी रेषा आहे, आणि त्या रेषेबाहेर तिसरा थर आहे, ज्याला मात्र स्वच्छ सरळ स्फटिकपृष्ठे आहेत.

यातून क्रम असा लागतो. एका जुन्या खडकातून क्वार्ट्झचा कण सुटला, वाहत जाऊन गोल झाला आणि वाळूत पडला. ती वाळू पुरली जाऊन कणावर पहिली वाढ झाली आणि तिचा वालुकाश्म बनला. तो वालुकाश्म पुढे उघडा पडून झिजला, कण पुन्हा सुटला, त्याच्या वाढीच्या कडा घासल्या गेल्या, आणि तो आताच्या वाळूत येऊन पडला, जेथे त्यावर दुसरी वाढ झाली. म्हणजे हा कण दोन वालुकाश्मांतून गेला आहे, आणि त्यांपैकी पहिला आता कोठे उघडा दिसत नसला तरी त्याचे अस्तित्व या अर्ध्या मिलिमीटरच्या दाण्यावरून मान्य करावे लागते. काही दाण्यांवर काळी सावली एकदम न पडता लाटेसारखी सरकत जाते. त्यांचा स्फटिक कधीतरी दाबाखाली वाकला आहे. हा दाब आताच्या वालुकाश्माला बसलेला असेल का, हा प्रश्न रास्त आहे, पण शेजारचे दाणे तशाच दाबाखाली असूनही न वाकलेले आहेत आणि सावल्यांच्या दिशांत मेळ नाही, तेव्हा ते वाकणे मूळ खडकातले आहे असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उरलेल्या जागेत कॅल्साइट हे चुनखडीचे खनिज भरले आहे. ते क्वार्ट्झच्या सरळ पृष्ठांना टेकून आहे, त्यामुळे ते क्वार्ट्झच्या वाढीनंतरचे. आणि दाणे व कॅल्साइट या दोहोंना छेदून जाणारा तांबूस लोहऑक्साइडचा तडा त्याहूनही नंतरचा. निळी इपॉक्सी फक्त या तड्याच्या कडेने दिसते. तेथे कॅल्साइट विरघळले आहे, आणि ते पाणी तड्यातून आले असावे.

शिस्टमध्ये प्रश्न तापमानाचा आणि दाबाचा असतो. जॉर्ज बॅरो याने १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात विशिष्ट खनिजांच्या आधारे रूपांतरणाचे, म्हणजे उष्णता व दाबाने खडकात होणाऱ्या बदलाचे, पट्टे आखले. आज ते क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट या चढत्या क्रमाने ओळखले जातात. त्यातील कायनाइट, सिलिमनाइट आणि अँडालुसाइट या तिघांचे रासायनिक सूत्र एकच आहे, पण जास्त दाबाला कायनाइट, जास्त तापमानाला सिलिमनाइट आणि कमी दाबाला अँडालुसाइट स्थिर राहते. तिन्ही एकत्र स्थिर असण्याचा बिंदू साधारण ५०० अंश सेल्सिअस आणि ४ किलोबार, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर खोलीच्या आसपास येतो. माझ्या नमुन्यात तिघांपैकी एकही नाही, त्यामुळे गार्नेटवरच भिस्त आहे.

गार्नेट ध्रुवकांमध्ये कसेही फिरवले तरी काळेच राहते, आणि त्या काळ्या वर्तुळात अडकलेले क्वार्ट्झचे कण म्हणून उठून दिसतात. या नमुन्यात ते कण वाकड्या ओळीत, इंग्रजी एस अक्षरासारखे मांडलेले आहेत. बाहेर अभ्रकाची पाने गार्नेटला वळसा घालून जातात. खडक दाबला आणि सरकवला जात असतानाच गार्नेट वाढत होते आणि जुनी पाने गिळत होते, एवढे त्यावरून सांगता येते. गार्नेट स्वतः फिरले की ते स्थिर राहून त्याच्याभोवतीची पाने फिरली, यावर जाणकारांत मोठा वाद झालेला आहे आणि एका छेदावरून त्यात बाजू घेण्याचे कारण नाही. गार्नेटच्या कडेला आणि तड्यांत हिरवट क्लोराइट आहे. ते तापमान उतरू लागल्यावर पाणी शिरल्याचे चिन्ह.

गार्नेट आतल्या कणांना किती घट्ट सांभाळते, याचे सर्वांत ठळक उदाहरण आल्प्सच्या पश्चिम भागातील डोरा मायरा येथले आहे. ख्रिस्तियान शोपँ याने १९८४ मध्ये तेथील गार्नेटमध्ये कोएसाइट दाखवले. कोएसाइट हे क्वार्ट्झचेच प्रचंड दाबाखालचे रूप असल्याने, भूपृष्ठावरचा खडक सुमारे १०० किलोमीटर खोल जाऊन परत वर आला होता, असे मान्य करणे भाग पडले. वर येताना कोएसाइटचा काही भाग क्वार्ट्झमध्ये बदलतो, फुगतो आणि भोवतीच्या गार्नेटमध्ये चहूबाजूंनी तडे पाडतो. गार्नेटमधील कणांभोवती असे तडे दिसतात का, हे मी आता प्रत्येक छेदात पाहतो. या नमुन्यात ते नाहीत.

वर्षांचा आकडा आपल्या टेबलावर काढता येत नाही, पण त्याचा माग छेदात दिसतो. ग्रॅनाइटमधील बायोटाइटच्या पट्टीत झिरकॉन या खनिजाचा सूक्ष्म कण असेल तर त्याच्याभोवती गडद वलय पडलेले असते. झिरकॉनमधील युरेनियम व थोरियम यांतून सुटणाऱ्या अल्फा कणांनी बायोटाइटची जाळी बिघडवल्याने ते तयार होते. झिरकॉन वाढताना युरेनियमला जागा देते आणि शिशाला जवळजवळ देत नाही, त्यामुळे आत सापडणारे शिसे नंतर युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून तयार झालेले असते. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४६.८ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३५ चे ७०.४ कोटी वर्षे, अशी दोन घड्याळे एकाच कणात चालतात. दोघांचा आकडा जुळला तर शिसे गळालेले नाही असे समजायचे.

तरीही आकडा कोणत्या घटनेचा, हे क्रमावरूनच ठरते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथल्या झिरकॉनच्या एका कणाचे वय सुमारे ४४० कोटी वर्षे निघाले, पण तो ज्या पिंडाश्मात (गोट्या जुळून बनलेल्या खडकात) सापडला तो साधारण ३०० कोटी वर्षांपूर्वीचा; कण गाळात वाहत आलेला आहे. एकाच ग्रॅनाइटमधील झिरकॉन आणि बायोटाइट यांची वयेही वेगळी निघू शकतात, कारण बायोटाइटमधील पोटॅशियमपासून झालेला अरगॉन वायू सुमारे ३०० अंशांच्या वर टिकून राहत नाही. त्या दोन वयांमधील अंतर म्हणजे खडक थंड होण्यास लागलेला काळ, आणि मला तो कोणत्याही एका वयापेक्षा अधिक उपयोगाचा वाटतो.

पुढचे काम शिस्टचेच आहे. आताचा छेद पानांना काटकोनात घेतला होता, पण पानांवरील खनिजांच्या ताणलेल्या रेषेशी त्याची दिशा जुळवलेली नव्हती. त्यामुळे नमुन्यावर आता बाणाने ती रेषा आखली आहे आणि एक छेद तिला समांतर, दुसरा तिला काटकोनात घ्यायचा आहे. गार्नेट रेषेला काटकोनातल्या अक्षाभोवती वळले असेल तर वाकड्या ओळी पहिल्या छेदात स्पष्ट दिसायला हव्यात. अडचण आकाराची आहे : गार्नेट पाच-सहा मिलिमीटरचे, आणि करवतीचे पातेच मिलिमीटरभर खडक खाते, शिवाय केंद्रापासून दूर गेलेल्या छेदात ओळींचा आकार फसवा दिसतो. म्हणून एका गार्नेटमधून दोन छेद काढण्याऐवजी शेजारच्या दोन गार्नेटांच्या केंद्रांतून प्रत्येकी एकच छेद घेणार आहे.