आमच्या आंब्याच्या पेजचं दुसरं बारसं

आंबा मेअखेरीला आटोपतो आणि मग आमचं फेसबुक पेज थेट फेब्रुवारीपर्यंत गपगार पडतं. काही वर्षं ते चालून गेलं. पण देवगडच्या घरून आता आंब्याबरोबर काजू, आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ असं वर्षभर काही ना काही पुण्याला येतं. पेजचं नाव मात्र तेच: आधी गाव, मग फळ, मग शहर. दिवाळीत काजूची पोस्ट टाकली की खाली पहिली कमेंट ठरलेली, "आत्ता कुठला हो हापूस?" म्हणून शेवटी पेजचं नावच बदललं. (जुनं-नवं नाव इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर ही जाहिरात आहे असंच म्हणाल.)

पेज सुरू केलं होतं पुतणीने, २०२० च्या एप्रिलमध्ये. टाळेबंदी होती, वाशीला माल पाठवायचा तर बाजार सुरू असेल की नाही याचा भरवसा नव्हता आणि झाडावर फळ तयार होतं. तिने एका रात्रीत पेज काढलं, पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर लिंक फिरवली आणि पेट्या थेट घरपोच जायला लागल्या. लोक शोधताना जे तीन शब्द टाइप करतात तेच तिने नाव म्हणून ठेवले. त्या वेळी ते अगदी बरोबर होतं, त्याच नावावर आमचं गिऱ्हाईक उभं राहिलं.

अडचण पुढे आली. ते तीन शब्द फक्त आम्हालाच सुचले होते असं थोडंच आहे! शब्द पुढे-मागे केलेली तशीच पेजेस दर हंगामात उगवतात. एका बाईंनी मला फोनवर पाच मिनिटं झाडलं, पेटीत वर मोठी फळं आणि खाली लिंबाएवढी. पत्ता विचारला तेव्हा कळलं, त्यांनी ऑर्डर दुसरीकडेच दिली होती. त्यांचं ऐकून घेतलं. आमचं नावच असं होतं, त्या तरी काय करणार.

ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलांना विचारलं तर त्यांनी विषयच संपवला. म्हणाले, हे नाव तुमच्या मालकीचं कधी होणारच नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव लावता येतं. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून बागायतदार ते वापरू शकतो, पण ‘हे नाव माझं’ असं कुणालाच म्हणता येत नाही. १९९९ च्या कायद्यात तसं स्पष्टच आहे, मानांकन मिळालेलं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवत नाहीत. म्हणजे आम्ही दहा वर्षं जाहिरात केली असती तरी ती सगळ्या देवगडची झाली असती. चांगलंच आहे म्हणा, पण खोक्यावरचं नाव तरी आपलं हवं.

मग घरात नावाचा खल. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सगळा प्रकारच फिजूल वाटत होता. "नाव बदलून आंबो काय गोड होतलो?" एवढं बोलून ते अढीतली फळं परतायला निघून गेले. शेवटी घराच्या फाटकावर जे नाव आहे तेच घेतलं आणि पुढे ‘कोकण मेवा’ जोडलं. पण घरात जाहीर करण्याआधी मी दोन गोष्टी बघून घेतल्या होत्या. एक म्हणजे ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते नाव कुणी घेतलंय का. हा शोध फुकट असतो. ट्रेडमार्कची नोंदणी मालाच्या वर्गानुसार होते: ताजी फळं वर्ग ३१ मध्ये, लोणची-मुरंबे आणि सोललेले काजू वर्ग २९ मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये, तेव्हा तिन्ही बघावे लागतात. अर्जाची फी ऑनलाइन भरली तर वैयक्तिक अर्जदाराला दर वर्गाला ४,५०० रुपये. आम्ही सध्या दोनच वर्गांत अर्ज केला. दुसरं म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ते युजरनेम मोकळं आहे का. घरच्यांचं एकमत झाल्यावर मग ही तपासणी करायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून भांडणं.

आधी पेज की आधी कागदपत्रं? मी सांगेन, कागदपत्रं. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण प्रक्रिया केलेल्या मालासाठी आमची नोंदणी आहे, नवऱ्याच्या नावावर. व्यवसायाचं नाव बदललं की १५ दिवसांत आरईजी-१४ हा अर्ज भरावा लागतो आणि तो अधिकाऱ्याकडून मंजूर होऊन येतो. पॅन तोच राहतो, त्यामुळे नोंदणी क्रमांक बदलत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीतही दुरुस्ती करून घेतली, कारण लेबलवर १४ आकडी क्रमांक असतो आणि त्याच्या वर छापलेलं नाव दाखल्याशी जुळायला हवं. हे हातात असलं की पुढे कुणीही पुरावा मागू दे.

आता पेज. नाव बदलायला पेजचं ‘पूर्ण नियंत्रण’ लागतं. मी इतकी वर्षं पोस्ट टाकत होते, मेसेजना उत्तरं देत होते, तरी माझ्याकडे होती ती फक्त कामापुरती परवानगी. पूर्ण नियंत्रण पुतणीकडे, आणि ती आता बंगळूरला नोकरीला. व्हिडिओ कॉलवर बसून तिने पेज अॅक्सेसमध्ये मला पूर्ण नियंत्रण दिलं; त्यासाठी तिला तिचा पासवर्ड पुन्हा टाकावा लागला. तुमचं पेज भाच्याने, जावयाने किंवा काम सोडून गेलेल्या पोराने काढून दिलं असेल तर नाव बदलायचं असो वा नसो, आजच हे तपासा. घरातल्या किमान दोघांकडे पूर्ण नियंत्रण हवंच.

पुढचं सोपं आहे. स्वतःच्या प्रोफाइलवरून पेजवर जायचं, सेटिंग्ज, पेज सेटअप, नाव. मेन्यूची जागा अधूनमधून बदलते, पण ‘पेज सेटअप’ शोधलं की सापडतं. नाव जास्तीत जास्त ७५ अक्षरांचं. पुतणीला हौस, तिने नुसत्या नावावर न थांबता पुढे ‘अस्सल चव, थेट बागेतून!!!’ असं शेपूट लावून दिलं. ते नामंजूर झालं. नियमच तसा आहे. नावात घोषवाक्य, उगाचची विरामचिन्हं, नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या ® सारखी चिन्हं चालत नाहीत. नुसतं ‘आंबा’ किंवा नुसतं गावाचं नाव चालत नाही. आणि नवं नाव वाचून हे पेज भलत्याच कशाचं आहे असं वाटता कामा नये. शेपूट काढलं आणि नव्या नावाच्या मागे जुन्यातले ‘देवगड हापूस’ हे दोन शब्द ठेवले. तपासणीला तीन दिवसांपर्यंत लागू शकतात असं सांगतात. आमचं त्याआधीच झालं.

ते दोन शब्द मागे ठेवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. बघणाऱ्याला साखळी तुटल्यासारखं वाटत नाही, आणि शोधणाऱ्याला पेज सापडतं. एक हंगाम गेला की ते शब्द काढू. एकदा नाव बदललं की सात दिवस पुन्हा बदलता येत नाही आणि पेज अप्रकाशितही करता येत नाही, तेव्हा ‘सबमिट’ दाबण्याआधी स्पेलिंग दोघांनी वाचावं. ऱ्हस्व-दीर्घ सुद्धा.

खरी करमणूक त्यानंतर. पेजचं नाव बदललं की फॉलोअर्सना तशी सूचना जाऊ शकते. आमच्याकडे सकाळपासून मेसेज सुरू. "ताई, पेज हॅक झालंय का?" "मी अॅडव्हान्स भरलेत, ते कुणाकडे गेले?" एका काकांनी तर सूचनेचा स्क्रीनशॉट काढून त्यावर लाल गोल करून पाठवला, खाली ‘सावध’ असं लिहून. मला त्यांचा रागही आला नाही. आंब्याच्या दिवसांत फसवणाऱ्यांची पद्धत अशीच असते. कुठलं तरी जुनं, भरपूर फॉलोअर असलेलं पेज घ्यायचं, नाव बदलून ‘हापूस’ करायचं, दुसऱ्याचे फोटो लावायचे, अॅडव्हान्स गोळा करायचा आणि गायब व्हायचं.

हे ओळखायची सोय पेजवरच असते, पण फारसं कुणी तिकडे जात नाही. पेजच्या ‘माहिती’मध्ये ‘पेजची पारदर्शकता’ असा भाग असतो. पेज कधी सुरू झालं आणि त्याची आधीची नावं कोणती, ते तिथे तारखांसकट दिसतं. मी प्रत्येकाला तेच सांगितलं: तिथे जा, २०२० पासून आमचं एकच नाव दिसेल आणि त्याच्या खाली हा बदल. त्या लाल गोलवाल्या काकांनी जाऊन बघितलं, आणि आणखी दोन पेजेस तपासून त्यांचेही स्क्रीनशॉट मला पाठवले. त्यातलं एक पेज थंडीत मोबाइलची कव्हरं विकत होतं. काका आता आमचे नुसते गिऱ्हाईक राहिले नाहीत, दक्षता अधिकारी झालेत.

गोंधळ त्या मानाने कमीच झाला, कारण बदलाच्या आधीच्या आठवड्यात एक व्हिडिओ टाकून तो पेजच्या वर पिन केला होता. अण्णा फाटकापाशी उभे, एका हातात जुनं खोकं, दुसऱ्या हातात नवं लेबल. बोलायला तयार नव्हते, नुसतेच उभे राहिले. तेच बरं झालं. छान ग्राफिक कुणीही करून लावेल, फाटकापाशी उभे असलेले अण्णा कुणी कुठून आणणार?

आता युजरनेम. पेजचं नाव आणि पेजचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅट चिन्हापुढचं युजरनेम म्हणजे पत्ता. नाव बदललं तरी पत्ता आपोआप बदलत नाही. आणि पत्ता बदलला की जुनी लिंक उघडेल यावर विसंबून राहता येत नाही. आमच्या खोक्यांवर क्यूआर कोड छापलेला आहे, तो याच पत्त्याचा. मी भावोजींना विचारलं, जुनी खोकी किती उरलीत? "वैनी, माळो भरलेलो आसा." झालं, निर्णय तिथेच झाला. ती संपेपर्यंत युजरनेमला हात लावायचा नाही. नव्या लेबलवर जो क्यूआर छापला तो व्हॉट्सअॅपच्या लिंकचा, कारण ती लिंक मोबाइल नंबरवर चालते. नावं कितीही बदला, नंबर तोच आहे तोवर ती उघडणार.

इन्स्टाग्रामवर खोक्यांचा प्रश्न नव्हता, तिथे युजरनेमही बदललं. लोकांनी जुन्या पोस्टमध्ये आम्हाला ज्या नावाने टॅग लिहिलं होतं ते सगळीकडे सुधारत बसायचं नाही, असं मी ठरवलं. फक्त स्वतःच्या हायलाइट्स आणि बायोमधलं नीट केलं. वरचं दिसणारं नाव मात्र १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, तेव्हा तिथे प्रयोग करू नयेत. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये नाव बदललं, त्याने कुणाला काडीचा फरक पडला नाही. ज्याने नंबर सेव्ह केलाय त्याला त्याने लिहिलेलंच नाव दिसतं, आणि निम्म्या पुण्याच्या फोनमध्ये मी ‘आंबेवाल्या वहिनी’ आहे. गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलवर नाव हवं ते प्रत्यक्ष पाटीवर आहे तेच, मागे ‘बेस्ट हापूस पुणे’ वगैरे जोडायचं नाही. त्यामुळे आधी पाटी रंगवून घेतली, मग बदल पाठवला. जुने रिव्ह्यू तसेच राहिले, याचंच मला सगळ्यात हायसं वाटलं.

राहिलंय ते बँकेचं. यूपीआयने पैसे भरताना समोरच्याला खात्याचं नाव दिसतं, पेजचं नाही. आमचं करंट खातं अजून जुन्या नावाने आहे. बँकेला दुरुस्त झालेला जीएसटी दाखला आणि नव्या नावाचा शिक्का हवाय. दाखला दिला, शिक्का करायला टाकलाय. तोवर प्रत्येक ऑर्डरच्या मेसेजमध्ये एक ओळ घालते, ‘पैसे भरताना आमचं जुनं नाव दिसेल, तेच खातं आहे’. काकांनी त्यावरही विचारलं, हे कशावरून खरं? त्यांना खात्यावरचं नाव छापलेल्या जुन्या बिलाचा फोटो पाठवला.