ऑफिस होतं, ॲक्सेस नव्हतं

वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक सगळं जागच्या जागी होतं, ॲक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅमचा मात्र पत्ता नाही. नव्या लॅपटॉपवर जुन्या नोंदींची एसीसीडीबी, म्हणजे ॲक्सेसची, फाइल उघडायला गेलो, तर ही कशात उघडायची म्हणून विंडोज मलाच विचारायला लागलं.

पहिली शंका परवान्याची. ऑफिसच्या होम अँड स्टुडंट आणि होम अँड बिझनेस या आवृत्त्यांमध्ये ॲक्सेस मुळातच नसतं, मॅकसाठी तर ते निघतच नाही. तसं असेल तर पुढची सगळी खटपट फुकट. एक्सेलमध्ये फाइल, मग अकाउंट असं जाऊन पाहिलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲप्स फॉर बिझनेस. म्हणजे ॲक्सेसवर हक्क होता, फक्त ते बसवलेलं नव्हतं.

ऑफिस २०१० पासून हाताला लागलेली सवय म्हणजे कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, ऑफिसवर चेंज दाबायचं आणि ‘ॲड ऑर रिमूव्ह फीचर्स’ निवडायचं. प्रोग्रॅमची यादी उघडायची, जे नाही त्याच्यापुढे लाल फुली दिसायची, तिथे ‘रन फ्रॉम माय कॉम्प्युटर’ केलं की काम फत्ते. इथे चेंज दाबल्यावर पर्याय दोनच आले: क्विक रिपेअर आणि ऑनलाइन रिपेअर. दुरुस्ती करायची कशाची? बिघडलेलं काहीच नव्हतं.

हे ऑफिस क्लिक-टू-रन पद्धतीने बसवलेलं होतं. या पद्धतीत एकेक प्रोग्रॅम निवडायची ती यादी येतच नाही. सगळे प्रोग्रॅम एकत्र बसतात, आणि एखादा नको असेल तर बसवतानाच तसं सांगून ठेवावं लागतं. लॅपटॉप तयार करणाऱ्याने नेमकं तेच केलं असणार. खात्री करायला विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं त्या रजिस्ट्रीत डोकावलो (फक्त बघायला, तिथे हात लावायचा नाही). ऑफिसच्या क्लिक-टू-रनखाली कॉन्फिगरेशनमध्ये ‘एक्सक्लूडेड ॲप्स’ अशी नोंद असते. तिच्यासमोर ॲक्सेस लिहिलेलं होतं. चोर सापडला!

ॲडमिनचे हक्क लागणार म्हणून आयटीतल्या सहकाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “सर, सगळं काढून परत टाकू का?” तसंही चाललं असतं, पण एका प्रोग्रॅमपायी चालतं ऑफिस उखडायला माझं मन धजेना. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं ऑफिस डिप्लॉयमेंट टूल उतरवून घेतलं. ते फुकट आहे. चालवलं की दिलेल्या फोल्डरमध्ये एक सेटअप फाइल आणि नमुन्याच्या काही एक्सएमएल फायली (काय बसवायचं त्याच्या सूचना लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फायली) काढून देतं.

खरं काम त्या एक्सएमएल फाइलमध्ये आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर जेमतेम काही ओळींची. वरच्या ओळीत ३२ की ६४ बिट, त्याखाली प्रॉडक्टचा आयडी, मग भाषा आणि शेवटी ‘एक्सक्लूड ॲप’च्या ओळी, नको असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक. प्रॉडक्टचा आयडी जे बसलेलं आहे त्याचाच हवा. बिटचंही तसंच, कारण ३२ आणि ६४ बिटचं ऑफिस एकत्र नांदत नाही. आपलं कोणतं ते ‘अबाउट एक्सेल’मध्ये पहिल्याच ओळीत दिसतं. हे जुळवून घेतलं आणि ॲक्सेस वगळणारी ओळ फाइलमध्ये राहू दिली नाही. गंमत बघा, प्रोग्रॅम घाल असं सांगणारी ओळ नसतेच. वगळ म्हणणारी ओळ काढली की तो आपोआप आत येतो. बाकीचे जे प्रोग्रॅम नको आहेत त्यांच्या ओळी मात्र ठेवायच्या, नाहीतर तेही येऊन बसतात.

वर्ड, एक्सेल, आउटलुक सगळं बंद केलं. कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडला, त्या फोल्डरमध्ये गेलो आणि सेटअप, स्लॅश कॉन्फिगर, मग फाइलचं नाव असा हुकूम दिला. ऑफिसची नेहमीची खिडकी आली, डाउनलोड सुरू झालं. इंटरनेट चालू हवं, बाकी आपण काही करायचं नसतं.

संपल्यावर स्टार्ट मेन्यूत ॲक्सेस हजर. परवान्याची की वगैरे काही विचारली नाही, आउटलुकची खाती होती तशीच. नोंदींची फाइल उघडली तेव्हा वर पिवळी पट्टी आली, मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेल्या छोट्या आज्ञावली) अडवल्याची. फाइल आमचीच होती, म्हणून ‘इनेबल कंटेंट’ दाबलं आणि फॉर्म चालू झाले. ती एक्सएमएल फाइल सहकाऱ्याने मागून घेतली, पुढच्या लॅपटॉपसाठी.