माटवी

श्रावण अमावस्या

माळ्यावरून माटवीची चौकट आज खाली उतरवली. वर्षभर ती गोणपाटात गुंडाळून ठेवलेली असते. लाकूड फणसाचं, चारी कोपऱ्यांना लोखंडी कड्या, आत उभ्या-आडव्या पोफळीच्या रिपा. या कड्या ज्यांत अडकवायच्या ते आकडे आमच्या लोट्याच्या, म्हणजे ओटीच्या, तुळयांना घर बांधतानाच ठोकलेले आहेत. गणपती कुठे बसणार आणि त्याच्या डोक्यावर माटवी कुठे टांगणार, हे भिंतीचे चिरे चढण्याआधीच ठरलेलं होतं. एरवी त्या आकड्यांकडे कुणाचं लक्षही जात नाही. चवथ जवळ आली की मात्र आल्यागेल्याची नजर आधी तिथे जाते.

भाऊकाकांनी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून रिप न् रिप वाकवून पाहिली. दोन पोखरलेल्या निघाल्या, त्या बदलल्या. बाकीच्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावलं. ते अंगाला लागलं तर कातडी भाजते, म्हणून मुलांना लांब बसवलं होतं. तेल लावलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही.

घाटावरच्या मैत्रिणींना दर वर्षी सांगावं लागतं की माटवी म्हणजे मखर नव्हे. मखर मूर्तीच्या मागे आणि बाजूंना असतं, माटवी तिच्या डोक्यावर. भाद्रपदात रानात, परसात आणि बागेत जे जे फळतं-फुलतं, ते या चौकटीला बांधून आढ्याखाली टांगायचं. गोव्यात हीच माटोळी. माझी नणंद फोंड्याला दिलीय, तिच्या सासरची माटोळी आमच्या माटवीच्या दुप्पट मोठी असते.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा

भिंत झाली. आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दर वर्षी रंगवतात. पूर्वी चुन्याच्या निवळीवर हुरमुंजी, पिवडी आणि नीळ, एवढ्याच रंगांत सगळं चित्र व्हायचं. रंग डिंकाच्या पाण्यात कालवायचे. हल्ली डबे दुकानातून येतात, पण हात घरचाच असतो. या वर्षी पुतण्याने दोन मोर आणि खाली कमळांची पट्टी काढली. डावीकडच्या मोराची मान जरा आखूड झाली आहे. ती तशीच राहू दे म्हटलं. पुढच्या वर्षी तो स्वतःच लांब काढील.

वाडीत आता बऱ्याच घरांत छापील फ्लेक्स लावतात. लावणाऱ्यांची अडचण मला कळते. मुंबईहून माणूस आदल्या रात्री पोचतो, भिंत कधी रंगवणार? तरीही मनापासून वाटतं की एक कोपरा तरी हाताने रंगवावा. रंगवणारं पोर त्या भिंतीसमोर तासन् तास बसतं, घरातली म्हातारी माणसं मागे बसून 'पूर्वी इथे शेषशायी काढलेला' वगैरे सांगतात, आणि कुठल्या वर्षी कुणी काय काढलं ते पुढच्या पिढीला माहीत होतं. छापील चित्रासमोर असं कुणी बसत नाही.

मधली काही वर्षं आमच्याकडेही थर्माकोलचं मखर यायचं. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाटातून सावंतवाडीच्या लाकडी फळांची परडी काढली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, रंगवलेली: आंबा, सीताफळ, केळी, काजूचं बोंड. त्यांच्या लग्नात रुखवतावर मांडलेली होती ती. तेव्हापासून ती परडी मूर्तीच्या उजव्या हाताला असते. आंब्याचा रंग देठाशी उडालाय, पण त्याच्यावर नवा रंग चढवू द्यायला आई तयार नाहीत आणि मीही नाही.

मुलांनी संध्याकाळी पताका चिकटवल्या. खळ मी केली. मैदा पाण्यात शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, नाहीतर या दमट हवेत झुरळं एका रात्रीत कागद फस्त करतात. मोरचूद विषारी म्हणून ती खळ मुलांच्या हाती देत नाही. ब्रशने मी लावते, कागद त्यांनी दुमडायचे.

द्वितीया

सकाळी पाऊस उघडला तशी भाऊकाकांबरोबर सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या पठाराच्या, बाजूला गेले. त्यांचे गुडघे दुखतात, चढ आता चढवत नाही. म्हणून ते खाली पाणंदीत उभे राहिले आणि कुठे काय मिळेल ते सांगत गेले.

आधी कुंभा. बांधायला सुतळी चालत नाही आमच्याकडे. कुंभ्याच्या कोवळ्या फांदीची साल पावसात सहज सुटते, तिच्या लांब पट्ट्या निघतात. त्याच दोर म्हणून वापरायच्या. ओल्या असतात तोवर हव्या तशा वळतात, सुकल्या की गाठ आवळून बसते. कुंभा कमी पडला तर केवण. एका झाडाची एकच फांदी घ्यायची, हा काकांचा नियम.

मग हरणं. कातळावरच्या गवतात ती पिवळी फुलं या दिवसांत भरभरून येतात, ती शोधावी लागत नाहीत. तेरडाही तसाच, पायवाटेच्या दोन्ही अंगांना. त्याच्या पिकल्या बोंडांना बोट लागलं की ती फटकन फुटतात आणि बिया उडतात. पुतणी त्यातच रमली होती. शेरवडाची झुडपं ओढ्याच्या काठाला मिळाली. त्यातलं पांढरं शुभ्र जे आपण पान म्हणून तोडतो, ते फुलाचंच मोठं झालेलं एक दल असतं. खरं फूल मधलं, नारिंगी, करंगळीच्या नखाएवढं. माटवीत वरून खाली पाहणारं ते पांढरं मला सगळ्यांत शोभिवंत वाटतं.

कांगणीचे घोस मात्र यंदा हाताशी नव्हते. सड्याच्या कडेला जी जुनी झाडी होती ती साफ करून तिथे काजूची कलमं लावलीत. काजू लावणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याचं वर्षाचं पीक त्यावर आहे. पण कांगणीची वेल मोठ्या झाडांवर चढते. झाडं गेली की वेल कुठे चढणार? दोडामार्गाकडे रबराच्या बागांनी हेच केलंय असं तिकडचे पाहुणे सांगतात. शेवटी देवळामागच्या राईच्या कडेला एक वेल दिसली. काका खालून ओरडले, "देठ काप, येल वडू नको!" दोन घोस घेतले, बाकीचे ठेवले.

घरी आल्यावर आईंनी पहिलं तेच विचारलं, "कांगणां गावली?"

"गावली, पण थोडीच."

"थोडी झाली तरी चलात. नसलेलं आणून बांधूक नको."

बाजारात सगळं मिळतं, हे त्यांना माहीत आहे. चवथीच्या आदल्या दिवशी सावंतवाडी-कुडाळच्या बाजारात माटवीच्या सामानाचे जुडगे घेऊन आसपासच्या गावांतल्या बायका बसतात, आणि शहरात राहणाऱ्यांनी त्यांच्याकडून जरूर घ्यावं. त्यांचे चार पैसे होतात आणि ओळखही टिकते. पण ज्यांच्या दाराशी रान आहे त्यांनी आपल्याच रानातून आणावं, असं आता मलाही वाटतं. आपल्या माटवीत काय आहे आणि काय नाही, यावरून आपल्या डोंगराचं काय चाललंय ते कळतं. विकत आणलं तर माटवी भरलेली दिसेल, पण सड्यावरची कांगणी गेली हे घरात कुणालाच कळणार नाही.

गोव्यात तिथलं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेतं. शेकडो प्रकारची फळं-मुळं जमवून लोक त्यातून हत्ती, मोर, देवादिकांचे आकार उभे करतात. त्या पाहिल्या की थक्क व्हायला होतं, आणि कितीतरी वनस्पतींची नावं त्यामुळे नव्या मुलांच्या तोंडी आली हेही खरं. घरच्या माटवीला मात्र मोजणी नसावी. आकडा वाढवायचा म्हटलं की माणूस दुर्मीळ झाडाचाही कंद उपटतो.

हरितालिका

आज दिवसभर बांधणं चाललं. आईंचा आणि माझा उपास. स्वयंपाकाचा व्याप कमी, म्हणून मला दिवसभर लोट्यावर थांबता आलं. पूर्वी माटवी बांधणं हे पुरुषांचं काम आणि आम्ही बायका आत. काकांचे गुडघे धरले तसं त्यांनीच मला शिडीवर चढवलं, आणि आता कुणी त्यात वेगळं काही मानत नाही.

"अगो, जड आधी, हलक्या मागसून," हे काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं. असोले नारळ जोडीने बांधायचे. प्रत्येकाच्या सोडणाची एक पट्टी सोलून देठाशी तशीच ठेवायची आणि दोन्ही पट्ट्यांची एकमेकींशी गाठ मारायची, म्हणजे वेगळा दोर लागत नाही. अशा जोड्या चार कोपऱ्यांवर, कडीच्या अगदी जवळ, कारण तिथे भार थेट आकड्यावर येतो. मधल्या रिपांना नारळ बांधला तर दुसऱ्या दिवशी चौकट पोटात खाली येते. मग सुपारीचं हिरवं शिपटं, केळीचा घड, महाळुंग, पडवळं, दोडकी, तवशी (मोठ्या काकड्या). कडेने आंब्याचे टाळे, म्हणजे पानांच्या डहाळ्या, आणि सगळ्यांत शेवटी फुलं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण माटवीत तो दीड दिवसही धड टिकत नाही. म्हणून तेरडा आणि हरणं संध्याकाळी उशिरा.

चिबडाची गोष्ट निराळी. तो चवथीच्या सुमाराला पिकतो आणि पिकला की आपोआप फुटतो. देठाला बांधला तर देठ सुटून खाली मूर्तीवरच यायचा. त्याला सुंभाचं शिंकं विणावं लागतं. काकांनी मला ते आज पहिल्यांदा नीट दाखवलं. आठ पदर घ्यायचे, मधे एक गाठ, मग दोन-दोन पदरांची शेजाऱ्याशी गाठ, अशा तीन ओळी, आणि वर सगळे एकत्र. गाठींमधली घरं खाली लहान आणि वर मोठी ठेवायची, तर चिबूड तळाशी आवळून बसतो. काकांची बोटं आता थरथरतात, पण सुंभ हातात आला की थरथर थांबते. मी चार वेळा उसवून पाचव्यांदा विणलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि काही न बोलता चिबूड आणायला सांगितला.

कवंडळं शेवटची बांधली. लालभडक, लिंबाएवढी, खायला कडू, पण माटवीत ती नसतील तर गणपती बसल्यासारखा वाटत नाही असं आई म्हणतात. आमची कवंडळं परसामागच्या गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणावर, येतात. या गडग्यावरूनच घरात गेले काही महिने बोलणं चाललं आहे. गुरं आत येतात, दगड ढासळलेत, म्हणून तो काढून चिऱ्याचं पक्कं कंपाऊंड घालायचं ठरत होतं. मी आज शिडीवरूनच विषय काढला. कवंडळाची वेल दिवाळीनंतर सुकते, पण तिचा कंद गडग्याच्या बुडाशी जमिनीत राहतो आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतो. पायासाठी चर खणला की कंद गेला. वाडीत ज्यांनी ज्यांनी गडगे काढून कंपाऊंड घातली त्यांच्याकडची कवंडळं याच कारणाने गेली, आणि आता ते चवथीला आमच्याकडे मागायला येतात.

ह्यांनी ऐकून घेतलं. लगेच होय म्हणाले नाहीत.

चतुर्थी, रात्री उशिरा

गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, मूर्ती सकाळी आली. पाट आमचाच, आषाढात देऊन ठेवलेला. एकवीस पत्री, पूजा, मोदक, आरत्या, माणसं. लिहायला आत्ता हाताला जोर नाही. आरतीच्या वेळी दिव्याच्या उजेडात माटवीकडे पाहत होते. कांगणी कमी आहे ते मला दिसतं. दुसऱ्या कुणाला दिसलं असेल असं वाटत नाही.

विसर्जनानंतर

माटवी उतरवली. नारळ वाडीत घरोघरी गेले, केळी मुलांनी संपवली. चिबूड तिसऱ्या रात्री फुटला होता, शिंक्यातच राहिला, आणि सकाळी लोटाभर त्याचा वास होता. गुळ-खोबरं घालून खाल्ला सगळ्यांनी. सुकलेली फुलं आणि टाळे माडाच्या आळ्यात टाकले. कुंभ्याच्या साली सोडवता येत नाहीत इतक्या आवळल्या होत्या, त्या कोयतीने कापल्या.

एका वहीत यंदाचं सगळं लिहून ठेवलं: काय मिळालं, कुठल्या जागी, कुणी दाखवलं, आणि काय मिळालं नाही. काकांनी जवळ बसून त्यांच्या लहानपणी माटवीत असलेल्या आणखी काही वनस्पतींची नावं सांगितली. त्यांतल्या कित्येक मी पाहिलेल्याही नाहीत. त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडली आहे. देवळामागच्या कांगणीची फळं पिकून तडकली की बी आणायचं आणि परसातल्या जुन्या आंब्याच्या बुडाशी टाकून पाहायचं, हे पुतणीने स्वतःकडे घेतलंय.

कंपाऊंडचं काम दसऱ्यानंतर सुरू होईल. गवंड्याला ह्यांनी काल सांगितलं की रस्त्याकडची बाजू चिऱ्याची करा. परसामागचा गडगा आहे तिथेच राहील, फक्त ढासळलेले दगड पुन्हा रचायचे, बुडाशी खणायचं नाही.