चांदीतला ‘च’

आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर मी नैमित्तिक निवेदिका होते. महिन्याला जेमतेम सहा ड्युट्या. तेवढ्यावर घर चालत नव्हतं, पण माइकसमोर बसायची शिस्त तिथेच लागली. कागद वाजता कामा नये, ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना तोंड किंचित बाजूला हवं, आणि वीस सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ न बघता कळायला हवं.

विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या त्या मुंबई, पुणे, नागपूरला. रेडिओची जाहिरात म्हणजे मोठ्या शहरातलं, मोठ्या कंपन्यांचं काम, असं आमच्या कोल्हापुरातले दुकानदार पुढे कितीतरी वर्षं धरून चालले होते. गावात खासगी एफएम आलं आणि महाद्वार रोडवरचा कापडवालासुद्धा जाहिरातीचा विचार करू लागला. तेव्हा मी आणि नवऱ्याने ठरवलं, आपण या जाहिराती तयार करायच्या.

स्टुडिओ म्हणजे राजारामपुरीतल्या घरची आतली खोली. भिंतींना जुन्या रजया, दाराला गादी. रात्री अकरानंतर, शेजारचं सगळं निजल्यावर, पंखा बंद करून रेकॉर्डिंग. मे महिन्यात अंगाचं पाणी व्हायचं.

कुणी काम देत नव्हतं, म्हणून पाच दुकानांच्या जाहिराती आम्ही न विचारताच केल्या आणि हेडफोन घेऊन दारोदार ऐकवत फिरलो. चार ठिकाणी चहा मिळाला. पाचवे गुजरीतले, म्हणजे इथल्या सराफ बाजारातले, एक चांदीचे व्यापारी. त्यांनी आमचं ऐकून घेतलं आणि स्वतःची आधीची जाहिरात लावली. मूळ हिंदीवरून केलेली, आवाज भारदस्त. पण ‘चांदी’चा ‘च’ चाकातला असतो, त्या आवाजाने चिंचेतला लावला होता. मी तेवढा एक शब्द म्हणून दाखवला. ते म्हणाले, “हेच कानाला टोचत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं.” पहिलं काम तिथेच मिळालं.

त्यांनी मजकूर लिहून दिला तो दोन पानी. पैंजण, जोडवी, समया, करंडे, ताट-वाट्या, शिवाय दोन फोन नंबर. वीस सेकंदांत पंचेचाळीस शब्द बसतात, त्यापुढे नुसती धावाधाव होते. त्यांच्यासमोर घड्याळ लावून वाचलं, बावन्न सेकंद झाले. मग विचारलं, “जास्त काय खपतं?” “हुपरीचे पैंजण.” मग बाकी सगळं काढलं. पैंजणांचा आवाज खराच हवा होता. फरशीवर तो पत्र्यासारखा यायचा, शेवटी मी लाकडी पाटावर उभी राहून पावलं टाकली आणि नवऱ्याने माइक घोट्याशी धरला. “बाबा, ओळखा कोण आलं?” “न बघता सांगतो!” पुढे दुकानाचं नाव आणि ‘गुजरी’. बास. ती जाहिरात पुढच्या लग्नसराईतही वाजली.

चुका झाल्या. एका जाहिरातीत फोन नंबरचा एक आकडा आमच्याकडून चुकला आणि दोन दिवस कुण्या भलत्याच घरी फोन जात राहिले. आम्ही पुन्हा करून दिली, त्या दोन दिवसांचे पैसेही भरले. तेव्हापासून ग्राहकाने लेखी होकार दिल्याशिवाय फाइल पाठवत नाही. एका जाहिरात संस्थेने एका जिल्ह्यापुरता घेतलेला माझा आवाज तीन जिल्ह्यांत वाजवला, वरचा एक रुपया दिला नाही. आता दरपत्रकात जिल्हा, माध्यम आणि मुदत वेगवेगळी लिहितो, निम्मे पैसे आधी घेतो. नव्याने यात येणाऱ्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं.

रेडिओच्या कामाला खंड पडला की रिक्षावर वाजणाऱ्या सेलच्या घोषणांनी तारलं. २०२० च्या टाळेबंदीत दुकानंच बंद, तेव्हा ग्रामपंचायतींसाठी घंटागाडीवरच्या सूचना केल्या. ते काम मला आजही मोलाचं वाटतं.

आता काही ग्राहक संगणकाने तयार केलेला आवाज घेऊन येतात. स्वच्छ असतो, स्वस्तही. पण लिपीत ‘च’ एकच आणि बोलण्यात दोन, तिथे तो अजून अडखळतो. आमच्याकडे आवाजाची चाचणी द्यायला येणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच आधी एक ओळ देते, “चार पेंढ्या चारा.” दोन्ही ‘च’ आपापल्या जागी पडले की मगच स्क्रिप्ट हातात.