डिफेंडर बंद कर, मग टाक

2022 च्या श्रावणातला शनिवार. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात सरांचा फोन आला. "अरे, माझ्या फायलींना शेपटं फुटलीत. येतोस का जरा?"

सरांनी मला आठवी-नववीत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत हातात घेतला. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या घरात तळमजल्यावरची वंशावळीची बाडं लगदा झाली. तेव्हापासून सरांचा कागदावरचा विश्वास उडाला. उरलेलं सगळं स्कॅन करून त्यांनी वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर नेलं. तो कॉम्प्युटर 2020 मध्ये मीच जोडून दिला होता.

गेलो तर सर खुर्चीत ताठ बसलेले आणि अकरावीतला नातू दाराच्या चौकटीला टेकून उभा. प्रत्येक फाईलच्या नावामागे चार अक्षरांचं निरर्थक शेपूट लागलं होतं. फोटो उघडेना, वर्डची फाईल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एक 'रीडमी' मात्र नीट उघडत होतं. त्यात अगदी आर्जवी इंग्रजीत लिहिलं होतं की काळजी करू नका, फायली परत मिळतील. किंमत 980 डॉलर, 72 तासांत संपर्क केलात तर निम्मी, म्हणजे 490. त्या वेळच्या भावानं ₹39,000 च्या घरात. नमुना म्हणून एक फाईल फुकट सोडवून देण्याचीही तयारी. खंडणीतसुद्धा श्रावण सेल!

मजकुरावरून ओळखलं, हे 'स्टॉप', उर्फ 'डेजाव्हू', फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला हे फारसं जात नाही. याची शिकार म्हणजे घरातले कॉम्प्युटर आणि येण्याची वाट ठरलेली, फुकटातलं क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप फोडलेलं सॉफ्टवेअर. मी नातवाकडे पाहिलं. तो आधीच जमिनीकडे पाहत होता.

त्याला मंडळाचा गणपतीचा बॅनर करायचा होता. फोटो एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर कुठूनतरी 'फुल व्हर्जन' म्हणून उतरवलं. क्लिक केल्यावर सॉफ्टवेअर उघडलंच नाही, विंडोज अपडेटची खिडकी मात्र आली. "अपडेट अर्ध्यात बंद करू नये म्हणतात, म्हणून मी चालू ठेवून जेवायला गेलो," तो म्हणाला. ती खिडकी खोटी असते. मागे डिस्क खडखडत राहिली तरी माणसाला शंका येऊ नये, एवढ्यासाठीच ती दाखवतात. पोराचं जेवण होईपर्यंत काम उरकलं होतं.

मी आधी नेटची वायर काढली. बॅकअपबद्दल विचारायची गरज पडली नाही. 1 टीबीची बाहेरची डिस्क यूएसबीला लावलेली समोरच दिसत होती, दोन वर्षं तिथून हललेली नव्हती. तिच्यातल्या फायलींनाही तीच शेपटं. नातवानं मदत म्हणून सकाळी एक पेन ड्राइव्ह लावून पाहिला होता, तोही गेला. हा प्रोग्राम विंडोजमध्ये स्वतःला पुन्हा चालवणारं एक टास्क लावून ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा जागा होतो. विंडोज स्वतः फायलींच्या जुन्या प्रती राखून ठेवतं, त्या त्यानं येताक्षणी पुसल्या होत्या.

एक आशा होती. हल्ल्याच्या वेळी या प्रोग्रामला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही, तर तो पोटातलीच एक ठरावीक किल्ली वापरतो. ती किल्ली त्या आवृत्तीच्या सगळ्या बळींना सारखीच असते. अशा वेळी मिळालेल्या ओळख क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं 'टी' आणि '1' असतात, आणि एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरस कंपनीच्या फुकट डिक्रिप्टरनं, म्हणजे कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रामनं, फायली कधीतरी सुटू शकतात. सी ड्राइव्हवरची ओळख क्रमांकाची फाईल उघडली. शेवटी 'टी 1' नव्हतं. घरात चांगलं फायबरचं नेट होतं ना.

सर म्हणाले, "पैसे भरले तर?"

"सर, भरून मिळेलच असं नाही. आणि मिळालं तरी ते पैसे कुणाला गेले?"

सर गप्प झाले. मग मी नातवाला जरा चढ्या आवाजात विचारलं, "एवढं होईपर्यंत विंडोजचा पहारेकरी, तो डिफेंडर, काय करत होता?"

"बंद केला होता काका. तुम्हीच नाही का सांगितलं होतं? क्रॅक टाकताना आधी डिफेंडर बंद कर, मग टाक. तो उगाच आरडाओरडा करतो म्हणून."

खरं होतं. 2020 मध्ये हा नववीत होता, माझ्याशेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होता. त्या दिवशी मी विंडोज आणि ऑफिस दोन्ही ॲक्टिव्हेटरनं, म्हणजे परवान्याला फसवणाऱ्या प्रोग्रामनं, 'चालू' करून दिलं होतं. ₹500 मध्ये सगळं, दुकानाचा रेटच तो. मी डिफेंडरची सेटिंग उघडली. तपासणीतून वगळलेल्या जागांच्या यादीत एकच ओळ होती, डी ड्राइव्हवरचं 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर. ते माझंच. ॲक्टिव्हेटर डिफेंडरनं खाऊ नये म्हणून दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं. पोरानं डाउनलोड नेमकं त्याच फोल्डरमध्ये ठेवलं होतं, कारण 'तिथं चालतं' हे त्याला माहीत होतं.

मी सरांना ते दाखवलं. दाखवायला नको होतं असं त्या क्षणी वाटलंही. सरांनी चष्मा वर केला, स्क्रीन नीट वाचला आणि म्हणाले, "बरं. चूक कुठल्या पायरीवर झाली ते कळलं. पुढची पायरी सांग."

पुढची पायरी पासवर्डची होती. या प्रोग्रामसोबत बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम येतो, आणि सरांचे सगळे पासवर्ड ब्राउझरमध्येच साठवलेले. म्हणून आधी फोनवरून ईमेल, मग बँक, मग बाकीचे, असे सगळे बदलले. तासभर गेला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रारही नोंदवली.

मग डिस्क काढून दुकानात नेली, तिची पूर्ण प्रत घेतली आणि खटपट प्रतीवरच सुरू केली. हा प्रोग्राम घाईचा. तो पूर्ण फाईल बांधत बसत नाही, सुरुवातीचे सुमारे 150 केबीच कुलूपबंद करतो. कुलवृत्तांताची वर्डमधली प्रकरणं त्याहून लहान होती, ती मुळापासून गेली. स्कॅन केलेले फोटो दोन-दोन एमबीचे. त्याच स्कॅनरवर नवीन कागद स्कॅन करून त्या चांगल्या फोटोचं डोकं बिघडलेल्या फोटोला लावलं, तेव्हा काही उघडले, पण वरची पट्टी नाही आणि रंग विटलेले. सरांच्या पणजोबांच्या फेट्याचा तुरा गेला. चेहरा आला, जांभळट.

आत्याबाईंच्या ओव्या एमपी-3 मध्ये होत्या. नव्वदीच्या आत्या, जात्याच्या चाळीसेक ओव्या, आत्या आता नाहीत. मी एका फाईलचं शेपूट काढलं आणि व्हीएलसीमध्ये टाकली. थोडी खरखर, मग एकदम स्वच्छ आवाज. 150 केबी म्हणजे अशा रेकॉर्डिंगचे नऊ-दहा सेकंद, गेले ते तेवढेच. रात्री साडेदहाला मी सरांना फोन लावून स्पीकरवर ती ओवी ऐकवली. पलीकडून बराच वेळ काही बोलणं आलं नाही.

मग म्हणाले, "सुरुवातीला माझा आवाज होता. तारीख, गाव सांगून 'हं आत्या, कर सुरू' म्हणायचो मी."

ते सगळ्या फायलींतून गेलं होतं.

प्रकरणांचं म्हणाल तर बडोद्याच्या चुलतभावाला तपासायला पाठवलेली जुनी ईमेल सापडली, आठ महिन्यांपूर्वीची. तिथून सरांनी पुन्हा टाइप करायला घेतलं.

दुकानात आता मी ॲक्टिव्हेटर टाकत नाही. ज्याला परवाना घ्यायचा नसेल त्याला सांगतो, विंडोज ॲक्टिव्हेट केलं नाही तरी चालतं, कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतील, वॉलपेपर बदलता येणार नाही, सुरक्षेचे अपडेट मात्र येत राहतील. ऑफिसऐवजी फुकटातलं लिब्रेऑफिस देतो. डिफेंडरमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू करतो, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायली बदलता येत नाहीत. मुलांना ॲडमिनचा पासवर्ड देऊ नका म्हणतो. निम्मी गिऱ्हाइकं ऐकून घेतात आणि समोरच्या दुकानात जातात, तिथं ₹500 मध्ये अजून सगळं मिळतं. त्यांना नावं ठेवायला माझं तोंड कुठाय?

सरांकडे आता दोन डिस्क आहेत. एक त्यांच्या कपाटात, वायर काढलेली, आणि एक माझ्या दुकानात. दर संकष्टीला ते त्यांच्याकडची ताजी करून आणतात, माझ्याकडची घेऊन जातात. आणलेल्या डिस्कमधल्या पाच-सहा फायली उघडून पाहिल्याशिवाय मी त्यांना सोडत नाही. मागच्या वेळी डिस्कसोबत एक शंभरपानी वहीही होती. प्रत्येक ओवीपुढे पेन्सिलीनं तारीख आणि गाव, आठवून आठवून लिहिलेलं. सात ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.