20 बियांपैकी 4

आज सकाळी ओले फडके उलगडले, तेव्हा सात शिरांच्या भेंडीच्या 20 बियांपैकी केवळ 4 बियांना मोड आलेले दिसले. बाकीच्या बोटाने दाबताच फुटल्या.

शेजारच्या काकींना बियांची बाटली नेऊन दाखवली. त्यांनी बियांकडे पाहिलेच नाही. झाकणाच्या आतून बोट फिरवले आणि विचारले, "फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडलीस का गो?"

उघडली होती, तीही भर श्रावणात, तीन-चारदा. थंड बाटलीत आपल्याकडची दमट हवा शिरली की तिच्यातले बाष्प बियांवरच दव होऊन बसते. म्हणून बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नसतो. बियांतील ओलावा एक टक्क्याने घटला की त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, हे मी वाचलेले होते, आणि तरीही त्यांना ओल मीच पाजली, याची खंत दिवसभर गेली नाही.

काकी मे महिन्यात बिया सावलीत खडखडीत वाळवतात आणि बरणीत कोरड्या भाजलेल्या, पूर्ण निवलेल्या तांदळांची पुरचुंडी ठेवतात, कारण ते तांदूळ बरणीतली ओल शोषून घेतात. पूर्वी त्यांच्याकडे बिया राखेत घोळून चुलीवरच्या फळीवर ठेवत असत.

हे बियाणे माझ्या आईने राखलेले होते. मोड आलेल्या त्या चार बिया संध्याकाळी कुंडीत लावल्या आहेत.

जिथे आता चूल पेटत नाही, तिथे तुम्ही पावसाळ्यात बी कसे सांभाळता?